‘फेल्ड’ नव्हे, ‘अबॉर्टेड’: सेल्सफोर्सच्या रात्रीच्या कामांविषयी एका ग्राहकाचा अभिप्राय

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात संगणक विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. विक्री, विक्रेत्यांची उधारी आणि दुरुस्तीच्या तक्रारी हे तिन्ही व्यवहार आम्ही सेल्सफोर्सवर, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी सांभाळणाऱ्या इंटरनेटवरच्या व्यासपीठावर, ठेवतो. हे व्यासपीठ विकत घेण्यापूर्वी जे प्रात्यक्षिक दाखवले जाते त्यात रंगीत आलेख असतात, मोबाइलवरची सोय असते आणि विक्री प्रतिनिधीचा दिवस कसा सुटसुटीत होतो याची गोष्ट असते. मला ज्या भागाविषयी लिहायचे आहे तो भाग प्रात्यक्षिकात येत नाही, कारण तो रात्री, कोणीही पडद्यासमोर नसताना चालतो. त्याला ‘बॅच अ‍ॅपेक्स’ म्हणतात. आणि असे काम अचानक अर्ध्यावर थांबले तर त्याचे कारण शोधण्यासाठी हे व्यासपीठ ग्राहकाच्या हाती नेमके काय देते आणि काय देत नाही, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

आमचे काम साधे आहे. रोज रात्री ११ वाजता सुमारे ४६,००० थकीत बिले एकेक करून तपासली जातात, दिवसभरात जमा झालेल्या रकमा वजा होतात आणि प्रत्येक विक्रेत्याला उद्या किती रुपयांपर्यंत माल उधार देता येईल तो आकडा त्याच्या खात्यावर लिहिला जातो. सेल्सफोर्स एवढ्या नोंदी एका दमात हाताळत नाही. त्यांचे तुकडे पाडते. आपण काही न सांगितल्यास एका बॅचमध्ये २०० नोंदी येतात, म्हणजे आमच्या कामाच्या २३० बॅच होतात आणि सव्वा तासात सारे आटोपते. प्रत्येक बॅच हा स्वतंत्र व्यवहार असतो, त्यामुळे एक बॅच फसली तरी आधीच्या बॅचमध्ये झालेले लेखन पुसले जात नाही. हा या रचनेचा मोठा गुण आहे. मात्र काम मध्येच थांबले की अर्धी खाती आजची आणि अर्धी कालची अशी अवस्था होते, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

आमच्या बाबतीत ही अवस्था पहिल्यांदा उघडकीस आली ती वापी आणि वलसाडच्या विक्रेत्यांच्या दूरध्वनींमुळे. पैसे भरूनही सकाळी त्यांची मागणी अडकत होती, कारण त्यांच्या खात्यावर आदल्या दिवशीचीच मर्यादा दिसत होती. आणंद, अंकलेश्वर, भरूच इथून मात्र एकही तक्रार नव्हती. विक्री विभागाने याचा अर्थ असा लावला की दक्षिणेकडच्या शाखेत काहीतरी गोंधळ आहे, आणि त्या शाखेच्या कारकुनाला दोन दिवस विनाकारण बोलणी खावी लागली. वस्तुस्थिती अशी होती की आमच्या कामात बिले शहराच्या इंग्रजी नावाच्या अकारविल्हे क्रमाने उचलली जात. बॅच ठरल्या क्रमानेच चालतील अशी हमी सेल्सफोर्स देत नाही, पण प्रत्यक्षात बहुधा तोच क्रम पाळला जातो. त्यामुळे काम अर्ध्यावर थांबले की पहिल्या अक्षरांची शहरे सुटत आणि शेवटची अडकत. गंमत म्हणजे घरचे बडोदेही त्यात अडकत होते. आमच्या तोंडी शहर अजून बडोदेच असले तरी यंत्राच्या यादीत ते वडोदरा म्हणून वापी-वलसाडच्या पंगतीत बसलेले आहे. स्थानिक विक्रेते तक्रार न करता थेट लेखाविभागात येऊन चहा घेत आणि काकांकडून आकडा हाताने बदलून घेत, म्हणून ते आमच्या नजरेत आले नाही इतकेच.

आता व्यासपीठाकडे वळतो. सेटअपमध्ये ‘अ‍ॅपेक्स जॉब्स’ नावाचे पान आहे. ते पान मला आवडते. कोणते काम, कोणी सुरू केले, केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, एकूण बॅच किती, त्यांपैकी पूर्ण किती, फसलेल्या किती, हे सारे एका ओळीत दिसते. आमच्या अडचणीच्या रात्रींसमोर ओळ अशी होती: एकूण २३०, पूर्ण ११२, फसलेल्या ०, स्थिती ‘अबॉर्टेड’. तपशिलाचा रकाना रिकामा. दुसऱ्या एका रात्री पूर्ण ९७, तिसऱ्या रात्री १३१. मधल्या बहुतेक रात्री सर्व २३०.

या ओळीत आम्हाला हवे असलेले अर्धे उत्तर पहिल्याच दिवशी लिहिलेले होते आणि आम्ही ते वाचले नाही, हे कबूल केले पाहिजे. ‘अबॉर्टेड’ म्हणजे काम बिघडले असे आम्ही धरून चाललो. तसे धरून चालल्यामुळे बिघाडाची जी जी कारणे ठाऊक होती ती तपासण्यात नऊ दिवस गेले. रात्रीच्या कामाला दर व्यवहारामागे प्रोसेसरचा ६० सेकंद वेळ आणि १२ एमबी स्मृती मिळते, ती ओलांडली जाते का, हे पाहिले. त्याच वेळी हिशेबाच्या दुसऱ्या प्रणालीकडून पावत्या येत असतील आणि एकाच खात्यावर दोघांची झटापट होऊन कुलूप पडत असेल, असाही संशय घेतला. २४ तासांत किती पार्श्वभूमी कामे चालवता येतात त्याचीही मर्यादा असते, २,५०,००० किंवा वापरकर्ता परवान्यांच्या २०० पट यांतील जो आकडा मोठा असेल तो; आम्ही तिच्या जवळपासही नव्हतो. देखभालीसाठी सेवा बंद राहिली असेल का, याचीही चौकशी झाली.

यांतील एकही कारण त्या ओळीशी जुळत नव्हते, आणि हे सेल्सफोर्सच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेले आहे. मर्यादा ओलांडली किंवा खात्यावरचे कुलूप सुटले नाही, तर ती बॅच फसते, फसलेल्यांच्या रकान्यात आकडा वाढतो, पुढच्या बॅच चालू राहतात आणि सारे संपल्यावर कामासमोर ‘कम्प्लीटेड’ असाच शेरा पडतो. (दहा बॅच फसूनही ‘कम्प्लीटेड’ हा शेरा मिळतो, ही गोष्ट नव्या ग्राहकाने भिंतीवर लिहून ठेवावी.) यंत्रणेच्याच पातळीवर काम कोसळले तर ‘फेल्ड’ येते. देखभालीच्या वेळी चालू असलेले ठरलेले काम मागे घेतले जाते आणि सेवा परतल्यावर पुन्हा रांगेत लावले जाते. ‘अबॉर्टेड’ या शब्दाला कागदपत्रांत एकच अर्थ आहे: वापरकर्त्याने ते थांबवले. म्हणजे काय तुटले असे विचारणे व्यर्थ होते. कोणी थांबवले असे विचारायला हवे होते.

सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा बहुभाषिक कोश करवून घेतला, ही बडोदेकरांनी अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. त्याच शहरातल्या आमच्या कार्यालयात मात्र ‘फेल्ड’, ‘अबॉर्टेड’ आणि ‘स्टॉप्ड’ या तिन्हींसाठी ‘जॉब उडाला’ हा एकच शब्दप्रयोग चालत होता. लेखाविभागाने मला ‘उडाला’ असे कळवले, मी आज्ञावली सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराला ‘उडाला’ असे कळवले, आणि उडालेल्या गोष्टीचे कारण वाऱ्यात शोधत बसलो. शब्द नेमका सांगितला असता तर एवढे दिवस लागले नसते, असे मला आजही वाटते.

इथून पुढे माझी खरी तक्रार सुरू होते. कोणी थांबवले या प्रश्नाचे उत्तर ‘अ‍ॅपेक्स जॉब्स’च्या पानावर नाही. तिथे काम सुरू करणाऱ्याचे नाव असते, थांबवणाऱ्याचे नसते. त्यामागच्या ‘एसिंकअ‍ॅपेक्सजॉब’ या तक्त्यात शोध घेतला तरी थांबवणाऱ्यासाठी रकाना नाही आणि कारणासाठीही नाही. तपशिलाचा जो रकाना आहे त्यात चूक झाली असेल तर पहिल्या चुकीचा त्रोटक उल्लेख तेवढा येतो. इथे चूक झालेलीच नव्हती. बॅचमध्ये चूक झाल्यास सूचना पाठवणारी एक चांगली सोय या व्यासपीठावर आहे आणि ती आम्ही आधीच सुरू केलेली होती, पण ती चुकीसाठी आहे. जाणीवपूर्वक थांबवलेल्या कामाची चाहूल तिला कशी लागावी? साध्या बँकेच्या शाखेतसुद्धा धनादेश थांबवला तर थांबवणाऱ्याची सही घेतात. एवढ्या मोठ्या व्यापारी व्यासपीठावर, ज्या पानावर थांबवण्याचा दुवा आहे त्याच पानावर तो कोणी दाबला हे दिसू नये, याचे समर्थन मला करता येत नाही. पाचांपैकी मी या सोयीला साडेतीन गुण देतो; कापलेल्या गुणांपैकी एक पूर्ण गुण या एका रकान्याचा आहे.

डीबग लॉगचा, म्हणजे आज्ञावली चालताना होणाऱ्या तपशीलवार नोंदींचा, उपयोग झाला असता, पण पाळत ठेवून घेतलेले लॉगही ७ दिवसच टिकतात आणि आम्ही पाळत लावली तेव्हा आठवडा उलटून गेला होता. शिवाय एकदा लावलेली पाळत जास्तीत जास्त २४ तासांची असते, म्हणजे कोणत्या रात्री चोर येणार हे आधी ठाऊक हवे. ‘इव्हेंट मॉनिटरिंग’ नावाची अधिक सखोल नोंद मिळते, परंतु तिच्या पूर्ण रूपासाठी वेगळे शुल्क पडते, आणि आमच्यासारख्या कारखान्यात एका रात्रीच्या कामासाठी तो खर्च मंजूर होत नाही.

मग आम्ही उलट्या बाजूने निघालो. काम थांबवण्याचे मार्ग दोनच आहेत. अधिकार असलेला माणूस पानावरचा दुवा दाबतो, किंवा एखादी आज्ञावली ‘सिस्टिम.अबॉर्टजॉब’ ही आज्ञा देते. रात्री पावणेबाराला आमच्याकडचा कोणी माणूस दुवा दाबत बसला असेल हे संभवत नव्हते. नवरात्र असते तर तो त्या वेळी गरब्याच्या मैदानात सापडला असता. म्हणून ‘डिप्लॉयमेंट स्टेटस’ या पानावरून, नवी आज्ञावली व्यासपीठावर केव्हा केव्हा चढवली गेली त्याची यादी घेतली आणि कामे थांबल्याच्या वेळांशी ताडून पाहायला विभागातल्या शिकाऊ मुलाला सांगितले. त्याने दुपारपर्यंत तक्ता तयार केला आणि एकही वेळ जुळत नसल्याचे कळवले. हा संशय आम्ही खोडून टाकला.

तो खोडणे चूक होते. थांबण्याच्या वेळा त्या मुलाने पानावरून न घेता एसओक्यूएल या सेल्सफोर्सच्या शोधभाषेतून काढल्या होत्या. पानावर वेळ वापरकर्त्याच्या टाइम झोननुसार, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे दिसते. शोधातून आलेली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यामुळे रात्रीचे २३:४० त्याच्या तक्त्यात १८:१० म्हणून बसले होते आणि शेजारच्या रकान्यात चढवणीची वेळ २३:३८ होती. मुलाला हे काम रात्री ११ वाजता सुरू होते हे कोणी सांगितलेलेच नव्हते. ज्यांना ते ठाऊक होते त्या आम्ही तक्ता उघडला नाही, केवळ निष्कर्ष ऐकला. दोन दिवसांनी तो तक्ता सहज उघडला तेव्हा रात्री सुरू झालेले काम संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी संपल्याचे वाचून मला हसू आले. साडेपाच तास मिळवताच सगळ्या ओळी जुळल्या. ज्या ज्या रात्री काम थांबले त्या प्रत्येक रात्री दोन-तीन मिनिटे आधी चढवणी सुरू झालेली होती.

चढवणी आमचा कंत्राटदार करतो. तो दुसऱ्या शहरातला आहे आणि त्याचे नाव इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण त्याने जे केले ते अनेकजण करतात. एखाद्या आज्ञावलीचे काम रांगेत किंवा चालू असेल तर तिच्याशी निगडित नवे बदल सेल्सफोर्स सहसा स्वीकारत नाही. काम बाकी आहे असा निरोप देऊन चढवणी परत पाठवते. या अडथळ्यावर उपाय म्हणून कंत्राटदाराच्या माणसांनी चढवणीच्या आधी चालू असलेली सगळी कामे थांबवणारी चार ओळींची आज्ञावली जोडून दिली होती. ठरलेली कामे चढवणीनंतर ती पुन्हा लावत असे, त्यामुळे दुसऱ्या रात्री सारे सुरळीत दिसे. अर्ध्यावर मोडलेले काम पुन्हा सुरू करणे मात्र तिला माहीत नव्हते. आणि दिवसा तुम्हाला त्रास नको, म्हणून ते हे सारे रात्री करत. हेतू चांगला होता यात मला शंका नाही.

तरीही त्यांच्याकडून प्रथम नकारच आला, आणि तो नकार खोडून काढता आला तो ‘लॉगिन हिस्ट्री’मुळे. हिशेबाच्या प्रणालीला जोडण्यासाठी आम्ही जे वापरकर्ता खाते बनवले होते तेच आम्ही आळसाने कंत्राटदारालाही दिले होते. त्यामुळे खात्याच्या नावावरून काही सिद्ध होत नव्हते. परंतु लॉगिनच्या नोंदी सहा महिने राहतात आणि प्रत्येक नोंदीसोबत आयपी पत्ता असतो. आमचा सर्व्हर एकाच ठरलेल्या पत्त्यावरून येतो; त्या रात्री त्याच खात्याने दुसऱ्या पत्त्यावरून प्रवेश केल्याचे दिसले. तो पत्ता पाठवल्यावर अर्ध्या तासात दिलगिरीचे पत्र आले. यात आमचा दोष कमी नाही: एक किल्ली दोन माणसांना द्यायची आणि मग दार कोणी उघडले असे विचारायचे, हा अन्याय आहे. सेल्सफोर्सच्या या जुन्या, साध्या, कोणी जाहिरात न करणाऱ्या नोंदीला मी पूर्ण गुण देतो.

दुरुस्तीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग होईल. ‘डिप्लॉयमेंट सेटिंग्ज’मध्ये एक पर्याय आहे, जो निवडल्यास कामे चालू असतानाही चढवणी होऊ शकते. कंत्राटदाराचा आग्रह त्यासाठी होता. मी तो नाकारला. चालत्या कामाच्या पायाखालची आज्ञावली बदलली तर ते काम फसू शकते, असा इशारा त्या पर्यायासोबतच दिलेला आहे, आणि आमचा प्रश्न उधारीच्या आकड्यांचा आहे. त्याऐवजी चढवणीची वेळ पहाटे ४ वाजता नेली, सरसकट थांबवणाऱ्या त्या चार ओळी काढून टाकल्या, आणि काम चालू असल्यास चढवणीनेच वाट पाहावी असे ठरवले. कंत्राटदाराला वेगळे खाते दिले.

सर्वात मोलाचा बदल मात्र कामाच्या रचनेत केला. थांबवलेले काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू करण्याची सोय सेल्सफोर्समध्ये नाही. ते नव्याने, पहिल्यापासून चालवावे लागते. म्हणून प्रत्येक बिलावर ‘हिशेब केल्याची तारीख’ असा एक रकाना वाढवला आणि काम सुरू होताना ज्या बिलांवर त्या दिवसाची तारीख नाही तेवढीच उचलायची असा नियम घातला. आता ११२ बॅचनंतर काम मोडले तरी पुन्हा चालवताना ते उरलेल्या ११८ बॅचच घेते, आणि चुकून दोनदा चालवले तरी रक्कम दोनदा वजा होत नाही. मध्यरात्र ओलांडली की तारीख बदलते, त्यामुळे सुरुवातीची तारीख कामासोबत बांधून द्यावी लागली. ही चूक आम्ही चाचणीच्या सँडबॉक्समध्ये एकदा करून बसलो होतो. याखेरीज सकाळी ६ वाजता एक छोटे काम मागच्या रात्रीची यादी पाहते आणि ‘अबॉर्टेड’, ‘फेल्ड’ किंवा फसलेल्या बॅच असलेले ‘कम्प्लीटेड’ यांपैकी काही आढळले तर मला आणि लेखाविभागाला पत्र पाठवते. यादी काढताना ‘बॅचअ‍ॅपेक्सवर्कर’ प्रकारच्या ओळी वगळाव्यात. त्या व्यासपीठाच्या अंतर्गत वापराच्या असतात आणि मोजणीत घोळ घालतात.

जे हे व्यासपीठ नव्याने घेत आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की एका वेळी ५ बॅच कामेच रांगेत किंवा चालू असू शकतात, आणि त्यापुढची १०० पर्यंत कामे ‘फ्लेक्स क्यू’मध्ये थांबून राहतात. लहान कारखान्याला हे भरपूर आहे. नोंदींची संख्या आमच्या कित्येक पट वाढली तरी आकाराची चिंता नाही, कारण एका कामात ५ कोटी नोंदींपर्यंत शोध घेता येतो. कामाच्या क्षमतेविषयी माझी काहीच तक्रार नाही. गेल्या काही वर्षांत आमचे एकही काम व्यासपीठाच्या दोषाने बुडालेले नाही. तक्रार आहे ती नोंदवहीतल्या एका कोऱ्या रकान्याविषयी.

तो रकाना आम्ही आमच्यापुरता भरला आहे. कोणीही काम हाताने थांबवले तर नाव आणि कारण लिहिण्यासाठी एक वेगळा तक्ता केला, आणि लेखाविभागातल्या काकांचा यंत्रावर अजून विश्वास नसल्यामुळे त्याच्या शेजारी एक कागदी वहीही ठेवली. मागच्या महिन्यात सकाळच्या पत्रात पुन्हा एकदा ‘अबॉर्टेड’ दिसले. काकांनी वही उघडली, त्यात रात्री ११ वाजून २० मिनिटांची नोंद होती, कारण म्हणून बँकेकडून जमा रकमांची फाइल उशिरा आल्याचे लिहिले होते आणि खाली माझीच सही होती. काकांनी मला दूरध्वनी केला नाही. उरलेल्या बॅच पुन्हा लावल्या आणि नऊ वाजता वापीची पहिली मागणी मंजूर झाली.